घरातून गोठ्यापर्यंत वायर ओढली, पण जबाबदारी कोणाची? लोणारच्या निमित्ताने समजून घ्या वीज, लोड आणि कायदा

लोणार म्हटलं की सरोवर आठवतं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि फोटो जगभर फिरले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला. पण सरोवराकडून तालुक्यातल्या कोणत्याही गावाकडे गाडी वळवा, सुलतानपूर असो, बीबी असो की हिरडव, एक दृश्य हमखास दिसतं. घराच्या मीटरपासून निघालेली वायर. ती खिडकीच्या गजातून बाहेर येते, निंबाच्या फांदीला वेढा घेते, एखाद्या बल्लीवर टेकते आणि मागच्या गोठ्यात शिरते. वऱ्हाडीत ज्याला कोठा म्हणतात तिथे. आत एक बल्ब, एक बोर्ड आणि त्यावर कडबाकुट्टी.

ही वायर कोणाच्याच हिशेबात नसते. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत असते. घर बांधताना वायरिंग करणाऱ्याने ती टाकलेली नसते. ती नंतर कधीतरी, गाय व्यायला झाली किंवा चोरी झाली म्हणून, एका दुपारी ओढलेली असते. 'तात्पुरती' म्हणून ओढलेली ही वायर दहा-दहा वर्षं तशीच राहते.

एनसीआरबीच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात. या आकड्यात जनावरं नाहीत. म्हणून आज प्रश्न साधा आहे: घरापासून सुटं असलेल्या गोठ्याला, शेडला किंवा खोलीला वीज न्यायची तर नेमकं काय चुकतं, कायदा काय म्हणतो, आणि हा प्रश्न आत्ताच का मोठा होतोय?

गोठा कोणत्या योजनेत बसतो?

उत्तर आहे: कोणत्याच नाही. आणि इथेच सगळी गोम आहे.

सरकारी योजनांच्या नजरेत ग्रामीण वीज दोन ठिकाणी असते. एक घरात, दुसरी पंपावर. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली सौभाग्य योजना घरांसाठी होती, प्रत्येक कुटुंबाला जोडणी द्यायची हे तिचं उद्दिष्ट. त्याआधी २०१४ च्या अखेरीस मंजूर झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्राम ज्योती योजनेत मोठा भर होता तो फीडर वेगळे करण्यावर. म्हणजे गावठाणाची वाहिनी वेगळी, शेतीची वेगळी. महाराष्ट्रात हे काम त्याच्याही आधीपासून सुरू होतं.

यामागचा विचार बरोबर होता. शेतीपंपांचा भार मोठा, तो ठरावीक तासांतच द्यायचा. पण त्यासाठी गावातल्या घरांना अंधारात कशाला ठेवायचं? वाहिन्या वेगळ्या झाल्या आणि गावठाणातल्या लोडशेडिंगचा त्रास बराच कमी झाला.

पण गोठा कुठे असतो? अनेकदा गावठाणाच्या अगदी कडेला किंवा शेताच्या बांधावर. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तास येते, कधी दिवसा, कधी रात्रीच्या पाळीत. गाईची धार काढायची वेळ मात्र पहाटे आणि संध्याकाळी. ती पाळीप्रमाणे बदलत नाही. मग माणूस काय करतो? जिथे चोवीस तास वीज आहे तिथून, म्हणजे घरातून, वायर ओढतो.

आता त्यात सौर योजना आल्या. २०२३ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून १६ हजार मेगावॅट सौरऊर्जेच्या जोरावर शेतीला दिवसा वीज द्यायची आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत स्वतंत्र पॅनल आणि पंप मिळतो. बळीराजा योजनेत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. शेतकऱ्याचा फायदा आहेच. पण या तिन्ही योजना पंपाच्या आहेत. सूर्य मावळला की पॅनलवरचा पंप थांबतो, आणि गोठ्यातल्या बल्बची गरज नेमकी तेव्हाच सुरू होते.

म्हणजे घर आणि पंप यांच्या मधली जागा तशीच राहिली. ती जागा लोकांनी आपापल्या वायरने भरून काढली.

वायर लांब गेली की नेमकं काय होतं?

बऱ्याच जणांचा समज असा की वायर म्हणजे नळी, एका टोकाला वीज घातली की दुसऱ्या टोकाला तेवढीच निघते. तसं नाही. प्रत्येक वायर विजेला थोडा अडथळा करते. वायर जितकी लांब आणि जितकी बारीक, तितका अडथळा जास्त.

आकड्यात पाहू. समजा मीटरपासून गोठा ६० मीटरवर आहे. वीज फेजने जाते आणि न्यूट्रलने परत येते, म्हणून प्रत्यक्ष अंतर १२० मीटर. घरात दिव्यांसाठी वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर या अंतराला तिचा अडथळा साधारण १.४५ ओहम. गोठ्यात दोन एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी आहे आणि ती सुमारे १० अँपिअर घेते असं धरू. मग वाटेतच १४ ते १५ व्होल्ट गळून जातात. हे ६ टक्क्यांहून जास्त झालं. वायरिंगच्या भारतीय मानकात दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतर वापरासाठी ५ टक्के अशी मर्यादा सांगितली आहे.

खरी अडचण मोटार सुरू होताना येते. सुरू होण्याच्या क्षणी मोटार नेहमीच्या पाचपट किंवा जास्त करंट ओढते. ५० अँपिअर धरले तर गळती ७० व्होल्टच्या पुढे जाते. संध्याकाळी गावात आधीच २०० व्होल्ट येत असतील तर मोटारीला उरतात जेमतेम १३०. मोटार गुरगुरते, फिरत नाही, आणि तापते. मग 'मोटार खराब निघाली' म्हणून ती रिवाइंडिंगला जाते. दोष मोटारीचा नसतो, वायरचा असतो.

हीच वायर ४ चौरस मिलिमीटरची असती तर? चालू असताना गळती साधारण साडेपाच व्होल्ट, सुरू होताना २८ च्या आसपास. मोटार उचलते. अॅल्युमिनियमची वायर वापरत असाल तर लक्षात ठेवा, तिचा अडथळा तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो. म्हणून तांब्यापेक्षा मोठ्या मापाची घ्यावी लागते.

गळालेले व्होल्ट हवेत जात नाहीत, त्यांची उष्णता होते. मोकळ्या वायरमध्ये ती पसरून जाते. पण एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळून कडब्याच्या पेंढ्यांमागे ठेवली असेल, किंवा दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी लावलेला जोड असेल, तर उष्णता तिथेच साठते. गोठ्यात कुटार आणि कडबा सुकलेला असतो. ठिणगी पडायला फार काही लागत नाही.

शॉक बसतो, पण फ्यूज का उडत नाही?

ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि सर्वांत कमी माहीत असलेली.

घरात एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं आपण धरून चालतो. एमसीबी किंवा फ्यूजचं मुख्य काम आहे वायर वाचवणं. जास्त करंट गेला तर तो तोडतो. माणूस वाचवणं हे त्याचं काम नाही.

गोठ्यातलं उदाहरण घ्या. टीनपत्र्याचं शेड आहे. वायर पत्र्याच्या कडेवरून आत आली आहे. वाऱ्याने घासून घासून तिचं आवरण गेलं आणि फेज पत्र्याला टेकला. शेडचे लोखंडी खांब जमिनीत आहेत, म्हणजे थोडंफार अर्थिंग आपोआप झालं. समजा जमिनीतून परत जाणाऱ्या वाटेचा एकूण अडथळा २३ ओहम आहे. २३० भागिले २३, म्हणजे १० अँपिअर. एमसीबी १६ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, एखादी इस्त्री चालू असावी तसं. तो पडणार नाही. आणि शेड मात्र जिवंत राहील. पहाटे अनवाणी पायाने कोणी खांबाला हात लावेल तोपर्यंत.

इथे काम करतो तो आरसीसीबी. आपल्याकडे अजूनही त्याला अनेक जण ईएलसीबी म्हणतात. तो एकच गोष्ट पाहतो: फेजने जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला का? फरक ३० मिलीअँपिअरपर्यंत गेला, म्हणजे तेवढा करंट माणसातून, जनावरातून किंवा पत्र्यातून जमिनीत चाललाय, तर तो क्षणार्धात वीज तोडतो. वरच्या उदाहरणात फरक १० अँपिअरचा आहे, म्हणजे तीनशेपटीहून जास्त. तो पडणारच.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही (सध्या लागू आहेत ते २०२३ चे) अगदी छोट्या जोडण्या वगळता घरगुती जोडणीला ३० मिलीअँपिअरपर्यंतचं गळती-संरक्षण सांगितलं आहे. चांगला आरसीसीबी साधारण दोन-तीन हजार रुपयांच्या घरात येतो. गाईच्या किमतीच्या तुलनेत ही रक्कम काहीच नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. आरसीसीबी जास्त लोड झाला म्हणून पडत नाही, त्यामुळे सोबत एमसीबी हवाच. आणि कोणी एका हाताने फेज, दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला आणि जमिनीत करंट गेलाच नाही, तर आरसीसीबीला ते कळत नाही. तो कवच आहे, परवाना नाही.

जनावरं आधी का जातात?

गावात ऐकायला मिळतं, 'म्हैस गेली, पण त्याच ठिकाणी माणसाला नुसती मुंगी आली.' यात तथ्य आहे.

वीज जमिनीत उतरते तेव्हा त्या जागेभोवती जमिनीवरच व्होल्टेज पसरतं, जवळ जास्त, लांब कमी. माणसाच्या दोन पावलांत अंतर थोडं असतं. गाई-म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड-दोन मीटर अंतर असतं, म्हणून दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरकही मोठा. करंट जातो तो पुढच्या पायांतून मागच्या पायांत, म्हणजे वाटेत छाती आणि हृदय. वर खूर ओले, जमीन शेणामुताने भिजलेली, पायात चप्पल नाही, आणि दावं बांधलेलं असल्याने पळताही येत नाही.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांत शेती आणि पशुपालनाच्या जागांसाठी वेगळा भाग आहे. त्यातला गाभा सोपा आहे. जनावराच्या आवाक्यात येणारं सगळं लोखंड, म्हणजे खांब, गव्हाणीचा पाइप, पाण्याचा पाइप, एकमेकांना तारेने जोडून अर्थ करायचं. सगळं एकाच पातळीवर असेल तर दोन ठिकाणांत फरक उरत नाही, आणि फरक नसेल तर करंट वाहत नाही.

लोणारची जमीन इथे काय करते?

लोणारचं विवर उल्का आदळून तयार झालं, तेही बेसाल्ट खडकात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर जगात ओळखलं जातं ते याच कारणाने. गोठ्याच्या वायरिंगशी त्याचा संबंध असा की या भागात अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ आहे, खाली काळा पाषाण लागतो.

अर्थिंगचा पाइप मानकानुसार साधारण अडीच मीटर लांबीचा असतो. तो ओलाव्यापर्यंत जायला हवा. अर्ध्या मीटरवर खडक लागला की वायरमन पाइप कापतो आणि वरून माती लोटतो, हे नवीन नाही. कोरडा खडक वीज नीट वाहून नेत नाही. आणि जिथे काळी माती आहे तिथे दुसरी अडचण. पावसाळ्यात ती ओल धरते तेव्हा अर्थिंग उत्तम, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाइपाभोवतीची पकड सुटते. जूनमध्ये चांगलं असलेलं अर्थिंग पुढच्या एप्रिलमध्ये तसंच असेल असं नाही.

खडक लागला तर मार्ग आहेत. उभा पाइप जात नसेल तर लांब चर खणून त्यात आडवी पट्टी टाकता येते, भोवती बेंटोनाइटसारखी ओल धरणारी माती भरता येते, दोन-तीन ठिकाणी पाइप ठोकून ते जोडता येतात. पण कितीही केलं तरी फक्त अर्थिंगच्या भरवशावर एमसीबी पडेल अशी खात्री अशा जमिनीत देता येत नाही. म्हणून इथे आरसीसीबी ही चैन नाही.

आणखी एक चूक सर्रास होते. अर्थिंग नाही म्हणून बोर्डात अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून टाकतात. वाटेत न्यूट्रल तुटला तर अर्थच्या पिनेला जोडलेलं प्रत्येक यंत्राचं लोखंडी अंग थेट फेजवर येतं. हे कधीही करू नका.

वरून न्यायची की जमिनीखालून?

गावात सर्रास दिसते ती वरून गेलेली सर्व्हिस वायर, जीआय तारेच्या आधाराने बांधलेली. ही पद्धत चुकीची नाही, पण आधाराची तार हीच बऱ्याचदा मारेकरी ठरते. वायरचं आवरण घासलं गेलं की ती तार जिवंत होते, आणि तिचं दुसरं टोक पत्र्याला किंवा कपडे वाळत घालायच्या तारेला बांधलेलं असतं. म्हणून आधाराची तार दोन्हीकडे इन्सुलेटरवर हवी आणि तिला अर्थही हवा.

उंचीचं काय? सुरक्षा नियमांत रस्ता ओलांडणाऱ्या लघुदाब वाहिनीसाठी जमिनीपासून ५.८ मीटर उंची सांगितली आहे. कडबा भरलेली ट्रॉली डोळ्यांसमोर आणा, कारण लगेच कळेल. घर एका बाजूला आणि गोठा सार्वजनिक रस्त्याच्या पलीकडे असेल, तर ती वायर स्वतःच्या हिमतीने टाकायचा विषयच नाही.

जमिनीखालून न्यायची तर आर्मर्ड केबल, म्हणजे आत पोलादी तारांचं कवच असलेली. लघुदाब केबलसाठी मानकातली खोली ७५ सेंटीमीटर. खाली-वर वाळू, त्यावर विटा, म्हणजे पुढे कोणी कुदळ मारली तर आधी वीट लागते. साधी वायर नळीत घालून चार बोटं मातीखाली पुरणं म्हणजे पुढच्या नांगराची किंवा उंदराची वाट पाहणं.

लोणार शहरात आणखी एक मुद्दा. दैत्यसूदन मंदिर हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. तेव्हा तिथे नवी खोली किंवा शेड काढून वीज न्यायचा विचार असेल तर आधी बांधकामाची चौकशी करा, वायरची नंतर.

कायदा काय म्हणतो?

आपल्याच मीटरची वीज, आपणच बिल भरतो, मग अडचण काय? अडचण दोन शब्दांत आहे: जागा आणि कारण.

विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये 'अनधिकृत वापर' म्हणजे काय ते सांगितलं आहे. त्यात मीटरशी छेडछाड तर आहेच, पण आणखी दोन गोष्टी आहेत. ज्या कारणासाठी वीज मंजूर आहे त्याव्यतिरिक्त दुसऱ्या कारणासाठी वापरणं, आणि ज्या जागेसाठी मंजूर आहे त्याव्यतिरिक्त दुसऱ्या जागेत वापरणं. असा वापर सिद्ध झाला तर लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी होते. किती काळ वापर झाला ते कळलं नाही तर तपासणीआधीचे १२ महिने धरले जातात.

आता हे गोठ्याला लावून पाहू.

घराच्याच आवारात मागे गोठा, घरची दोन जनावरं, एक बल्ब आणि छोटी कडबाकुट्टी: जागा तीच, वापर घरगुती. सहसा वाद नाही.

गोठा दुसऱ्या गटात, रस्त्यापलीकडे किंवा शेतात: इथे 'दुसरी जागा' हा मुद्दा उभा राहू शकतो.

मागच्या खोलीत पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचं दुकान: इथे 'दुसरं कारण'. मात्र वीज नियामक आयोगाच्या टॅरिफ आदेशांमध्ये काही सवलती आहेत. घरच्यापुरती घरघंटी घरगुती दरातच बसते. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत, वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागतो.

उलट दिशेचा प्रश्नही येतो: पंपाच्या कनेक्शनवरून गोठा चालवला तर? टॅरिफ आदेशांनुसार शेतीपंपाच्या जोडणीवर पंपघरात ४० वॅटपर्यंतचा एक दिवा चालतो, स्वतःपुरती कडबाकुट्टीही चालते. पिठाची किंवा तेलाची गिरणी मात्र चालत नाही, अगदी त्याच मोटारीचा पट्टा बदलून चालवली तरी नाही.

आणि कलम १२६ ची नोटीस आलीच तर? तात्पुरत्या आकारणीवर लेखी हरकत घेता येते. अंतिम आदेशाविरुद्ध कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं, पण त्यासाठी आकारलेल्या रकमेची अर्धी रक्कम आधी भरावी लागते. हे प्रकरण ग्राहक तक्रार निवारण मंचाच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे तिकडे चकरा मारण्यात मुदत घालवू नका.

स्मार्ट मीटरमुळे काय बदलतंय?

जुन्या मीटरमध्ये महिन्याला किती युनिट जळाले तेवढंच दिसायचं. नव्या टीओडी मीटरमध्ये कोणत्या वेळी किती लोड होता तेही नोंदलं जातं. म्हणजे एक किलोवॅट मंजूर असलेल्या घरात रोज पहाटे कडबाकुट्टी फिरत असेल, तर ते आता मीटरला कळतं.

मंजूर लोडपेक्षा जास्त ओढणं हाही कलम १२६ खालचा अनधिकृत वापर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ओडिशातल्या सीताराम राइस मिलच्या प्रकरणात म्हटलं होतं. ते प्रकरण गिरणीचं होतं, पण तत्त्व सगळ्यांना लागू.

घाबरून जायचंही कारण नाही. जून २०२३ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. स्मार्ट मीटर बसण्याआधीच्या काळासाठी, नव्या मीटरने दाखवलेल्या लोडच्या आधारावर दंड लावता येणार नाही. आणि मंजूर लोड वाढवायचा तर एका आर्थिक वर्षात किमान तीन वेळा मर्यादा ओलांडलेली असली पाहिजे. तरी शहाणपणाची वाट सरळ आहे. गोठ्यात मोटार बसवण्याआधी बिलावरचा मंजूर लोड पाहा आणि कमी असेल तर वाढवून घ्या.

वेगळं कनेक्शन कधी घ्यावं?

गोठा दुसऱ्या जागेत असेल, अंतर शंभर मीटरच्या पुढे असेल, किंवा दुधाचा धंदा वाढून मिल्किंग मशीन, कूलर, मोठी कुट्टी येणार असेल, तर घरची वायर ताणण्यात अर्थ नाही. जागेचा मालक किंवा ताबेदार अर्ज करतो तेव्हा वीज देणं हे वितरण कंपनीचं कायद्याने कर्तव्य आहे. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या नियमांत नव्या जोडणीची कमाल मुदत नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे.

पण कागद आणि बांध यात फरक आहे. जवळ खांबच नसेल तर नव्या खांबांचं काम निघतं, वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. पोल्ट्री, नर्सरी, पशुपैदास केंद्र यांना 'शेती-इतर' असा वेगळा दर आहे, पण दोन गाई बांधलेल्या साध्या गोठ्याला वेगळं मीटर, वेगळा स्थिर आकार परवडत नाही. म्हणून माणूस पुन्हा त्याच वायरकडे येतो. हा त्याचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. खरं तर समोर असलेल्या पर्यायांतला त्याला परवडणारा पर्याय तोच आहे.

मग करायचं काय?

- आवारातल्याच गोठ्याला वीज न्यायची असेल तर काम परवानाधारक कंत्राटदार किंवा वायरमनकडूनच करून घ्या. टेस्ट रिपोर्ट मागा.
- घरातल्या एखाद्या बोर्डातून पिन काढून नेऊ नका. मेन बोर्डातून गोठ्यासाठी वेगळा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घ्या.
- वायर दोन तारांची नको, तीन तारांची. तिसरी अर्थची. शिवाय गोठ्याजवळ स्वतंत्र अर्थिंग आणि सगळं लोखंड त्याला जोडलेलं.
- अंतर आणि मोटार सांगून वायरचं माप ठरवा, दुकानात शिल्लक आहे म्हणून नको.
- गोठ्याच्या दाराशी, जनावराच्या तोंडापासून लांब, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच हवा.
- आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर बदला.
- गोठ्यापर्यंत आलेली वीज रानडुकरांसाठी कुंपणात सोडू नका. त्यात माणूस गेला तर थेट सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.
- पत्र्याला किंवा खांबाला मुंग्या येतात असं वाटलं तर हात लावून खात्री करू नका. घरातून मेन बंद करा. तार तुटून पडली असेल तर महावितरणच्या १९१२, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ या टोल फ्री क्रमांकांवर कळवा.

यातल्या बहुतेक गोष्टी एका कुटुंबाच्या हातातल्या आहेत. पण सगळ्या नाहीत. घराघरांत मीटर बदलले जात आहेत, म्हणजे महावितरणची माणसं प्रत्येक दारात जाणारच आहेत. त्याच वेळी मीटरच्या पुढे आरसीसीबी आहे का, मागे गेलेली वायर कशी आहे, एवढं पाहून एक चिठ्ठी दिली तरी फरक पडेल. पंपाला लाखोंचं अनुदान देताना गोठ्यातल्या दोन-तीन हजारांच्या उपकरणाचा विचार व्हायला काही हरकत नाही. सौर पंपाचा युनिव्हर्सल कंट्रोलर असेल तर त्याच पॅनलवर दिवसा कडबाकुट्टीही चालू शकते, आणि मग घरच्या वायरवर फक्त दिव्याचा भार उरतो. तंत्र आहे, ते योजनेत सरसकट आलं पाहिजे.

तोपर्यंत एक काम आजच करता येईल. संध्याकाळी गोठ्यात जाल तेव्हा बल्ब लावण्याआधी वायरचा माग काढा, घराच्या मीटरपासून होल्डरपर्यंत. कुठे जोड आहे, कुठे पत्रा घासतोय, कुठे अर्थची तार नुसतीच लोंबतेय, हे डोळ्यांनी दिसेल. हात मात्र लावू नका. आधी मेन बंद करा, मग वायरमनला फोन.